जावेच्या बोअरला पाणी, माझ्या बोअरला धूळ

ज्या घरात बोअरची गाडी असती ना, त्या घरात किस्से आपोआप साचतात. भोकाशेजारी खडकाची भुकटी साचती तसे. आज झाडून टाकावेत, उद्या पुन्हा ढीग!

आमच्या निघोजे गावच्या घरात पाणी शोधणारी माणसं तीन. आमचे हे पाणाडे, तळहातावर नारळ ठेवून जमिनीखालचं पाणी सांगणारे. लेक दत्ता बोअरची गाडी चालवतो. आणि नात मुक्ता कॉलेजात दगडधोंड्यांचं शिकली.

आणि आमच्याच परसातलं बोअर कोरडं!

*

चाकणला एका वर्कशॉपवाल्याकडं ह्यांनी हातावर नारळ घेतला, अख्खं आवार पालथं घातलं. एका जागी नारळ टुणकन उभा! तिथं चुन्याची फुली मारली, उदबत्ती लावली आणि हे चहाला गेले.

दत्तानं बघितलं, फुलीवर ऊन रणरणतंय. त्यानं गाडी पंधरा फूट सरकवून चिंचेच्या सावलीत लावली आणि भोक पाडलं. कारंजंच उडालं!

वर्कशॉपवाला ह्यांच्या पायाच पडला. तेव्हा दत्तानं खरं काय ते सांगून टाकलं. हे जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "नारळाला सावली कुठं कळती? ते ड्रायव्हरनं बघायचं असतं!"

*

कासारवाडीच्या चाळीत तर कमालच झाली. अलीकडच्या गल्लीत आमचं बोअर चाललेलं. पलीकडच्या गल्लीत एका बाईनं जुन्या बंद बोअरवर पत्र्याचा डबा पालथा घातलेला, आणि शेजारी पापड वाळत. इकडं दत्तानं भोकात मशीनची हवा सोडली, तिकडं डबा थडथड नाचला आणि उडालाच! खालनं धुळीचा लोट. पांढरेशुभ्र पापड, घटकेत राखाडी!

बाई लाटणं घेऊन थेट गाडीपाशी. "तू ह्या गल्लीत, मी त्या गल्लीत. मधी चार भिंती. धूळ आली कुठनं रं?"

"मावशी, खालनं."

"खालनं? खाली काय बोगदा हाय व्हय?"

घरी हे ऐकून मुक्ता म्हणाली, "आज्जी, आपला काळा पाषाण एकदम टणक. हवा काय, पाणी काय, पळायचं ते भेगांतनंच. भेग सापडली तर दोन गल्ल्या लांब जाईल. हुकली तर हातभर अंतरावर नुसती धूळ."

"म्हंजे आपली भावकीच की!" मी म्हणलं. "कोण कुणाला आतनं जोडलंय, वरनं दिसतच न्हाई!"

*

आता भावकीचंच सांगते. दोन उन्हाळ्यांमागं माझी थोरली जाऊ, शेवंताअक्का, हिनं बांधापलीकडं बोअर घेतलं. त्याच महिन्यात माझं आटलं. मी बांधावर उभी राहून म्हणलं, "अक्का, माझं पाणी ओढलंस!"

झालं. बोलणं बंद!

पण बोलणं बंद झालं म्हणून सांगायचं थोडंच थांबतंय? ती शेळीला सांगायची, मला ऐकू जाईल असं, "खा गं बाई. लोकांसारखी जळू नगंस." मी माझ्या कोंबडीला सांगायची, "पी गं. टँकरचं हाय, चोरीचं न्हाई!"

अशात मुक्ताचं लग्न ठरलं. आमच्यात पहिली हळद थोरल्या जावेच्या हातची. मुक्ता ठणकावून म्हणाली, "मोठी आजी आली नाही, तर मी पाटावर बसणार नाही!"

*

मग तिनंच कॉलेजातनं हिरवा रंग आणला, पिणाऱ्याला बाधत नाही असला. आमच्या कोरड्या बोअरात ओतला, वरनं टँकरभर पाणी सोडलं. म्हणाली, "मोठ्या आजीनं तुझं पाणी ओढलं असंल, तर तिच्या नळाला हिरवं येईल."

सगळी भावकी अक्काच्या नळाकडं टक लावून. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाणी आपलं नितळ! हे नारळ फिरवत सांगतायत, "येतंय, येतंय."

पाचव्या दिवशी रस्त्यापलीकडच्या कंपनीचा वॉचमन धापा टाकत आला. "मावशी, आमच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात हिरवंगार पाणी! साहेबांनी अख्खी शिफ्ट बाहेर काढलीय. तुमच्यातनं काय केमिकल सांडलं का?"

मुक्तानं विचारलं, "खड्ड्यात पाणी कधीपासनं येतंय?"

"तळघर खणल्यापासनं. दोन वर्षं झाली की! सारखी मोटर लावून नाल्यात सोडतोय."

ह्यांनी हळूच नारळ पिशवीत घातला.

माझी मान खाली. चुकलं म्हणायचं होतं, पण दोन वर्षं मिटलेलं तोंड उघडंना. शेवटी कोंबडी काखेत मारली आणि बांधावर गेले. पलीकडं अक्का शेळीला पाला घालत होती.

मी कोंबडीला म्हणलं, "सांग तिच्या शेळीला, माझं चुकलं."

अक्कानं वर बघितलंच नाही. शेळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "सांग तिच्या कोंबडीला, हळद कालव म्हणावं. आणि पाणी माझ्या बोअरचं ने!"