साडूंच्या नाकाखालून

ओमानात उतरणाऱ्या झाडून सगळ्या फळांना आधी कस्टमच्या आणि मग माझ्या साडूंच्या नाकाखालून जावं लागतं, असा आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांचा पक्का समज आहे. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, आधी साडू आणि मग कस्टम. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे रत्नागिरीकडचे. दिवसभर रुसैलच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करतात, पण ते आपलं पोटापुरतं. खरा व्यवसाय फळांचा वास घेणं. खरबूज आज कापायचं की परवा, ही पपई पिकेल की नुसतीच म्हातारी होईल, असले प्रश्न घेऊन लोक त्यांच्या दाराशी येतात आणि साडू एका हुंगण्यात निकाल देतात. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला पाचही फळं त्यांनी रीतसर हुंगून ताटात ठेवली, तेव्हा गुरुजी कळवळले, "अहो, वास घेतलेलं देवाला चालत नाही!" साडू म्हणाले, "आणि नासकं चालतं होय?" त्यावर गुरुजींनी मुकाट्यानं पुढचा मंत्र सुरू केला.

त्यांचं हुंगणं म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. आधी चष्मा कपाळावर चढवायचा, मग फळ दोन्ही हातांत धरून देठाची बाजू नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि जगाला विसरायचं. शुक्रवारी फळबाजारात हे सुरू झालं की मागे रांग लागते. एकदा एक बंगाली विक्रेता वैतागून म्हणाला, "लेना है कि सूंघना है?" डोळे न उघडता साडू उत्तरले, "रुको भाई, बात चालू है." मी एकदा शहाणपणानं कलिंगडावर टिचक्या मारून एक पसंत केलं, तर त्यांनी ते हुंगून परत ढिगात ठेवलं आणि माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "अहो साडू, तुमचं नाक देवानं नुसतं चष्मा टेकवायला दिलंय." हे वाक्य गेल्या पंधरा वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता चष्मा पुसतानाही मला ओशाळल्यासारखं होतं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, तर त्यांच्याबरोबर बाजारात पाऊल टाकायची नाही. "चारचौघांत कलिंगडाला कुरवाळतात हो! मला मेलीला लाज वाटते," म्हणायची.

परदेशी फळांवर त्यांचा मुळातून राग आहे असं नाही, पण ती आपल्याच कुठल्या तरी फळाची बिघडलेली नातलग आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. किवी म्हणजे कॉन्व्हेंटात घातलेला आवळा. ड्रॅगन फ्रूट म्हणजे "वरातीतला घोडा. झालर बघत बसा, आत काही नाही." अव्होकाडोला मीठ, मिरची, लिंबू लावल्याशिवाय चव येत नाही, तेव्हा ते फळच नव्हे, असं ठरवून त्यांनी त्याचं दाण्याचं कूट घालून भरीत केलं. ते बरं झालं होतं, हे मी आजही कबूल करणार नाही. ड्युरियन त्यांनी लिफ्टमधून वर आणला, त्या दिवशी वॉचमननं गॅस गळतोय म्हणून सहा मजले खाली उतरवले. सगळे रस्त्यावर उन्हात उभे आणि साडू मधोमध ते काटेरी धूड कडेवर घेऊन समजूत घालताहेत, "फणसाचाच मावसभाऊ आहे हो, वाईट संगतीला लागला इतकंच." मॅंगोस्टीन फोडल्यावर मात्र त्यांचे डोळे भरून आले. "हा तर आपला रातांबा!" लगेच त्याच्या सालींना मीठ चोळून बाल्कनीत वाळत टाकलं, आमसुलं केली आणि सोलकढीला आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. त्या कढीनं तोंड असं आखडलं की अर्धा तास कुणाला धड शिवी देता येईना. साडू स्वतः दोन वाट्या प्याले.

पण हे सगळं बाकीचे दहा महिने. एप्रिल-मे आला की गावाहून कुणाबरोबर तरी पाच डझन हापूस यायचा, तोही अर्धाकच्चा, कारण पिकलेला आंबा विकत आणणं ही त्यांच्या मते तयार लग्नात जेवून येण्यासारखी गोष्ट. आंबा आपण अढी घालून पिकवायचा. भाताचा पेंढा इथे कुठला मिळायला? म्हणून साडू बकऱ्यांच्या चाऱ्याच्या दुकानातून वाळकं गवत आणतात. दुकानदारानं एकदा कौतुकानं विचारलं, "कितने बकरे हैं?" साडू म्हणाले, "साठ." अढी लागते त्यांच्या बेडरूममध्ये. आंब्यांना एसी सोसत नाही, म्हणून तिथला एसी बंद, आणि नवरा-बायको हॉलमध्ये सतरंजीवर. रोज सकाळी दाराच्या फटीशी नाक लावून अंदाज घ्यायचा आणि एके दिवशी आरोळी ठोकायची, "यल्ला, आज उघडायची!" मग पहिला आंबा देवापुढे, दुसरा सहम गावातल्या एका म्हाताऱ्या बागवाल्याला. त्या ओमानी आजोबांशी साडूंची एका लिंबावरून दोस्ती झाली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. एकानं लिंबू हुंगायचं, दुसऱ्याला द्यायचं आणि दोघांनी मान डोलवायची, एवढाच त्यांचा संवाद. आणि मग उरलेले आंबे आम्हाला, प्रत्येकाच्या पिशवीवर खाण्याची तारीख घालून.

दोन वर्षांपूर्वी साडूंना तापानं गाठलं. दहा-बारा दिवसांत उठून कामावर गेले, आम्ही सुटलो म्हणालो. मात्र त्यानंतर एक नवल घडलं. दर शुक्रवारी ताई त्यांच्याबरोबर बाजारात जाऊ लागली. साडू हुंगायचे, ताई शेजारी उभी राहून एकतर "घ्या की" म्हणायची नाहीतर "चला, उशीर होतोय" म्हणायची. आम्ही हसलो. उतारवयात प्रेमाला भरतं आलंय म्हणून बायकोनं आणि मी त्यांची काय काय थट्टा केली, आता आठवलं की जीव चरचरतो. साडूंनी नवीन फळांना नावं ठेवणंही बंद केलं होतं. तेही आमच्या लक्षात आलं नाही.

या मेमध्ये ताई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि तिच्या पाठोपाठ आंब्यांची पेटी आली. आठवड्यानंतर एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे निघालो, तर जिन्यातच आंब्याचा घमघमाट अंगावर आला. दोन पायऱ्या चढलो आणि त्याच्याआड आणखी एक वास आला, आंबूस, दारूसारखा. माझ्या नाकाला कळला म्हणजे केवढा असेल विचार करा. दार उघडलं. साडू बेडरूमच्या दाराशी स्टूल टाकून पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "बसा. अजून वास सुटला नाही. दोन दिवस लागतील."

मला वाटलं, फिरकी घेताहेत. मी हसलोसुद्धा. मग त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि माझं त्यांच्या. पेपर हळूच खाली गेला.

"सुटलाय का हो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सुटलाय."

"खूप?"

"जिन्यापासून."

ते उठले, आत गेले आणि गवतात हात घातला. वरचे आंबे बोटांखाली दबले. दोन वर्षं एकही वास येत नाही, गवतात हात ठेवूनच ते सांगू लागले. साबणाचा नाही, फोडणीचा नाही, नात झाली तर तिच्या टाळूचाही यायचा नाही. डॉक्टर म्हणतात येईल, इन्शाल्ला. "घ्या की" आणि "चला" ही ताईनंच काढलेली युक्ती. "लोक विश्वासानं फळ घेऊन येतात हो. त्यांना काय सांगू, दुकान खलास?" मला रडू आलं. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

मग आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि अढी निवडायला घेतली. नासके एकीकडे, बरे एकीकडे. हुंगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. "कसा येतोय?" ते विचारायचे. मी म्हणालो, "आंब्यासारखा." साडू कडाडले, "हत् तुमची! पंधरा वर्षं माझ्या पंक्तीला बसलात ना? नीट सांगा!" तेव्हा मी डोळे मिटले आणि बापजन्मात केला नव्हता तो उद्योग केला. म्हटलं, आधी देठाकडे जरा चिकाचा, झणझणीत. मग मध. मग थोडा केशरासारखा. आणि सगळ्यात मागे, पाणी शिंपडलेल्या अंगणाचा. साडू ऐकत राहिले. मग म्हणाले, "अंगण बरोबर. केशर उगाच घातलंत." साठातले एकतीस वाचले. रात्री पुण्याला फोन झाला तेव्हा ताईनं मला एवढंच विचारलं, "जेवले का ते?"

ताई नातीला भेटून परत आलीय. आता शुक्रवारी आम्ही तिघं जातो. एका बाजूला ती, एका बाजूला मी. आमचं दोघांचं एकमत होत नाही, ती "घ्या की" म्हणते तेव्हाच मी "चला" म्हणतो, आणि मधे साडू दोघांवर खेकसतात, "एक काय ते ठरवा!" मात्र चष्मा कपाळावर चढवून, फळ देठाकडून नाकाशी नेऊन, डोळे मिटणं त्यांनी सोडलेलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "नाकाची सवय मोडता कामा नये. वास परत यायचा आणि घरी कुणी नसायचं." म्हणून ते डोळे मिटतात तेव्हा ताई आणि मी काहीच बोलत नाही. मागे रांग लागली तरी लागू दे. त्यांनी आपणहून डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, की मगच आम्ही भांडायला सुरुवात करतो.