आमच्या घरात काही टांगत नाहीत

आमच्या बौद्ध घराच्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. पाचोडला माझा जन्म झाला, तेव्हा शेजारच्या काकूंनी कौतुकानं माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो त्यांच्यादेखत कात्रीनं कापला. काकू पुढं कितीतरी दिवस आमच्याकडं फिरकल्या नाहीत म्हणे. मी मोठेपणी विज्ञानाची शिक्षिका झाले आणि हा किस्सा दरवर्षी वर्गात सांगू लागले. सांगताना कात्री माझ्याच हातात होती असा माझा आव असतो.

तर त्या मी गेल्या वर्षी निराला बाजारातून एक ड्रीमकॅचर विकत आणलं.

झालं असं की आई गेली. आबा पुंडलिकनगरला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि माझी सात वर्षांची लेक झोपायला घाबरू लागली. आज्जी तिच्या स्वप्नात यायची, पण दवाखान्यातली, नाकात नळी घातलेली, काही न बोलणारी. लेक रडत उठायची आणि मग वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपायची. मी तिला मेंदू, स्मृती आणि झोपेचे टप्पे समजावून सांगितले. फळा तेवढा नव्हता. त्यानंतर ती स्वप्नाबरोबर मलाही टाळू लागली. मग मात्र माझं विज्ञान संपलं आणि मी दुकानात गेले.

वस्तू काय, तर प्लास्टिकचं कडं, त्यात नायलॉनचं जाळं आणि खाली गुलाबी रंगवलेली कोंबडीची पिसं. लेकीच्या पलंगावर ती लावली, तर आबा चष्मा वर करून बघत राहिले.

"हे काय टांगलंस गं?"

"शोभेचं आहे, आबा."

"लिंबू-मिरची तरी आपल्या रानातली असती. हे कुठलं?"

मला 'हे कुठलं' असं विचारलं की समोरच्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. शिवाय मी सगळं वाचून तयार होते. जेवायला बसल्यावर सुरू केलं. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या तळ्यांच्या काठी राहणारे ओजिब्वे हे तिथले मूळचे लोक. त्यांच्या कथेत कोळी किड्याच्या रूपातली एक आजी आहे, ती सगळ्या बाळांची राखण करायची. पुढं लोक दूरदूर पांगले, तिला प्रत्येक पाळण्यापाशी पोचता येईना. मग घरोघरच्या आयाआज्या विलो नावाच्या झाडाच्या डहाळीचं कडं करून त्यात तिच्यासारखं जाळं विणू लागल्या. वाईट स्वप्नं जाळ्यात अडकतात आणि सकाळच्या उन्हात विरून जातात, चांगली मधल्या भोकातून पिसांवरून खाली उतरतात. डहाळी वाळून मोडायची, पण तोवर बाळही मोठं झालेलं असायचं. नंतर इतर जमातींनी ते घेतलं आणि मग कारखान्यांनी. आता ते आमच्या सोसायटीतल्या गाड्यांच्या आरशालाही लटकतं.

लेक तोंड उघडं ठेवून ऐकत होती. तिथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण अर्धवट शिकवणं माझ्या स्वभावात नाही. "तिथलेच दुसरे, लाकोटा लोक मात्र उलटं सांगतात," मी म्हणाले, "त्यांच्यात चांगली स्वप्नं जाळ्यात राहतात आणि वाईट भोकातून निघून जातात."

लेकीचा घास हातातच राहिला. "मग आपल्या जाळ्यात आज्जी अडकेल की निघून जाईल?"

मी भाजी वाढायला घेतली. भाजी कुणालाच नको होती.

"काढ ते," ती म्हणाली. "नळी असली तरी चालेल. पण आज्जी येऊ दे."

मला रडू आलं. ते लपवायला मी उठून जाळं काढलं आणि फ्रिजवर ठेवून दिलं. इतकं वाचलं, आणि पोरीला आज्जीची भीती वाटत नाही, आज्जी यायची बंद होईल याची वाटते, एवढं काही मला कळलं नव्हतं.

सकाळी ते कचऱ्यात टाकायला निघाले तर आबा चहाचा कप घेऊन दारात उभे.

"टाकू नको. माझ्या खिडकीला लाव."

मला वाटलं चेष्टा करतायत. "आबा, तुम्ही?"

"पोरीला दिसती तरी. मला अजून एकदाबी दिसली नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "ते दुसरे लोक म्हणत्यात ना, चांगलं अडकून राहतंय, तसं लाव."

तसं कसं लावायचं, मला ठाऊक नव्हतं. मी स्टूल आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही समजावून न सांगता खिळा ठोकला. लेक स्टूल धरून उभी होती.

"आबा, आज्जी आली की मला उठवाल?"

दोरा कापणारे माझे आबा जाळ्याकडं बघत होते.

"व्हय," ते म्हणाले, "उठवीन."