तपासनिसांची आठ प्यादी

काळी मोहरी वाट्याला आली की तपासनीस आठही प्यादी एकेक घरच पुढे सारत. पहिल्या चालीला प्याद्याला दोन घरं जायची मुभा आहे, हे आमच्या नारायण पेठेतल्या क्लबात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. यांना वडिलांनी जुन्या देशी पद्धतीने शिकवलेलं, आणि तीत प्यादं एकच घर चाले. प्याद्यांमागे हत्ती, उंट, वजीर दाटीवाटीने बसत, माळ्यावर सामान कोंबावं तसे. या प्रकाराला बचाव म्हणणं माझ्या जिवावर येई.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासून ते निवृत्त झाले होते, म्हणून तपासनीस. पटावरही तोच खाक्या. ठेवलेलं प्यादं बोटाने दाबून बघत आणि म्हणत, "घाईचा माल परत येतो." समोरचा कंटाळून काहीतरी आचरट चाल करी आणि हरे. हे जिंकलेच नाहीत, समोरच्याची जांभई जिंकली, असं मी सगळ्यांदेखत सांगे. ते हसून सायकलचं कुलूप काढायला जात.

क्लबांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला आम्हाला चौथ्या पटावर तपासनिसांची नुसती बरोबरी पुरेशी होती. संघनायक मी. परक्या क्लबापुढे हे प्रदर्शन नको म्हणून मी त्यांच्याकडून पुस्तकातला बचाव घोकून घेतला. "आपण म्हणाल तसं," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. बोटाने दाबायचं विसरले. बाविसाव्या चालीला मात झाली आणि चषक गेला. "अहो, तुमचा बचाव चांगलाच होता," ते मला म्हणाले, "मला पेलला नाही."

त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. महिन्याभराने खडकी स्टेशनवर भेटले, तेव्हा मी ताठ्यातच विचारलं, येणं का बंद केलंत.

"काही नाही हो. हल्ली प्यादं उचललं की तुम्ही काय म्हणाल ते आधी ऐकू येतं."

माफी मागायला हवी होती. मी गाडीच्या उशिराचा विषय काढला. पुढच्याच वर्षी ते गेले.

त्यांची मांडणी भिकार होती, हे मी आजही कुणालाही पटावर दाखवून देईन. चौथ्या पटावर हल्ली मी बसतो. काळी आली की प्यादी एकेक घर सारतो, बोटाने दाबून बघतो आणि बहुतेक वेळा हरतो. समोरच्याला काही जांभई येत नाही.