पानाला न शिवलेला कावळा

परसातल्या पेरूच्या फांदीला मी मातीचं पसरट भांडं टांगलंय. उन्हाळ्यात ते सकाळ-संध्याकाळ पाण्याने भरतो, थंडीत झाडाखाली मूठभर बाजरी टाकतो. हे सगळं चिमण्या, बुलबुल, सातभाई यांच्यासाठी, कावळ्यासाठी नाही. तो कुठूनतरी पोळीचा वाळका तुकडा आणतो, माझ्या भांड्यात भिजवतो आणि पाणी नासवतो. यंदा पावसाळ्यात जास्वंदीतल्या घरट्यातून बुलबुलाची अंडी गेली, तेव्हाही माझा संशय त्याच्यावरच गेला. शेजारचं मांजर मनातसुद्धा आलं नाही. तेव्हापासून मागच्या दाराशी काठी असते.

आज अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पितृपक्षातली तिथी. कुंपणाच्या भिंतीवर केळीच्या पानात खीर, वडा, भात ठेवून मी "काव, काव" अशी हाक मारली. कावळा आला, शेवग्यावर मान तिरकी करून बसला आणि तिथून हलेना.

"अप्पांचा जीव कशाततरी अडकला असेल," बायको हळूच म्हणाली. "हात जोडा आणि सांगा, सगळं नीट करीन म्हणून."

मी हात जोडले. पण ज्या हाताने काठी उगारली, तोच आज खीर वाढतोय म्हटल्यावर यात काहीतरी काळंबेरं आहे, असं त्याच्या जागी मलाही वाटलंच असतं.

"अहो, आत तरी या. तुम्ही दिसलात की तो उतरायचा नाही."

मी काठी आत घेतली, दार लावलं आणि खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. कावळा पानाकडे बघतच नव्हता. तो पडद्याकडे बघत होता.