न मावलेलं पान

यशवंत गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रविवार कारंजावरच्या आमच्या छापखान्यात प्रुफं तपासत होतो. त्याला महिना झाला. आता लिहिल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

यशवंत दिवसा कोर्टात कारकून, उरलेल्या वेळात रहस्यकथालेखक. पिंजऱ्यातला आरोपी त्याच्याइतका खरा आपल्याकडे कुणी लिहिला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्याला झोपेत चालायची सवय होती. एका रविवारी दुपारी जेवून लवंडलेला हा गडी झोपेतच उठला आणि अडवायला आलेल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, त्यानं ढकललं. त्यांचा हात मोडला. जागा झाल्यावर याला काही म्हणता काही आठवेना. तेव्हापासून तो पायात घुंगरू बांधून झोपायचा, म्हणजे उठला तर घरात कळावं. "तमाशाला निघालास का?" म्हणून मी त्याला चिडवायचो.

आणीबाणी उठली त्या वर्षी त्यानं आपली सर्वांत चांगली कादंबरी लिहिली. नायकाच्या हातून झोपेत भावाचा खून होतो. हात त्याचा, पण इरादा त्याचा नव्हता, म्हणून न्यायाधीश त्याला सोडतात. हस्तलिखित वाचून वहिनी म्हणाल्या, "कोर्टानं सोडलं, ठीक. पण आता त्याला ठाऊक झालंय ना? मग झोपायच्या आधी तो काय करतो, ते लिहा की." यशवंतानं एक पान वाढवलं. सुटलेला नायक घरी येतो, स्वतःच्या हातानं पायात घुंगरू बांधतो आणि मग दिवा मालवतो...

आमच्याकडे पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापलं जायचं. हे एकच पान पुढच्या फॉर्मात जात होतं, म्हणजे त्याच्यापायी आणखी सोळा पानांचा कागद गेला असता. निकालाशी गोष्ट संपलीच, असं ठरवून मी ते परस्पर काढून टाकलं. छापील प्रत हातात आल्यावर यशवंतानं आधी शेवट उघडला. "मधू, सुटला खरा तो," म्हणाला, "पण आता झोपेल कसा?" मी हसण्यावारी नेलं. दुसरी आवृत्तीही तशीच काढली. आज त्याची मला लाज वाटते.

परवा वहिनींना भेटायला गेलो. घुंगरू खाटेच्या खुरालाच अडकवलेले होते.

"गेली कित्येक वर्षं ते झोपेत उठले नव्हते," वहिनी म्हणाल्या, "तरी रोज बांधायचे."

मग मी त्या पानाचं सगळं सांगून टाकलं.

"त्यांना ठाऊक होतं हो, मधुभाऊ. मी चिडले की म्हणायचे, जाऊ दे, मधूनं झोपेत काढलं असेल."

नाही रे यशवंता. मी टक्क जागा होतो.