आत्याचा धोका ‘कमी’ होता

माझी आत्या हार्ट अटॅकनं गेली, आणि तिच्या मोबाईलमध्ये अजून मेसेज आहे: ‘हृदयविकाराचा धोका कमी.’

आज तिचा जलदान विधी झाला. तिच्या पाचोडच्या घराच्या ओट्यावर बसून लिहितोय. डोकं शांत होत नाही.

दोन महिन्यांपूर्वी इथल्या विहारात तपासणी शिबिर होतं. टॅबवर एक ॲप. गाव, घरची परिस्थिती, सवयी भरल्या की हृदयाला किती धोका आहे ते सांगतं.

टॅब घेऊन बसलेल्या मॅडमनं आत्याला विचारलं, “सिगारेट, बिडी ओढता?”

“अगं बाई, मी काय ट्रक चालवते व्हय?”

रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मॅडमही हसल्या.

“घरात फ्रीज?”

“हाय की! सुनेच्या माहेरचा.”

तो कायम बंद असतो. आत गोधड्या ठेवल्यात.

“मुलगा काय करतो?”

“वाळूजला, कंपनीत.”

कंत्राटावर आहे, हे ती चारचौघांत कशाला सांगेल?

झालं. ॲपच्या लेखी आत्या बऱ्या घरची, निर्व्यसनी. स्क्रीन हिरवी.

मिसरीचं कुणी विचारलंच नाही.

तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, दिवसातून तीनदा दातांना लावायची. आमच्याकडं याला व्यसन म्हणत नाहीत. दात घासणं म्हणतात.

राग याचाच येतो. शहर-गाव, गरीब-श्रीमंत बघून धोका सांगणार म्हणता, मग गावातल्या बाईला गावातला प्रश्न का नाही विचारत?

आठवडी बाजारात भाजी विकताना तिचा जबडा आणि पाठ दुखायला लागली. शेजारची भाजीवाली म्हणाली, “दवाखान्यात चल.”

“गप गं. माझं हिरवं आलंय. पित्त असंल, सोडा आण.”

बाजार उठेपर्यंत तशीच बसली.

दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिचे दात बघून पहिला प्रश्न केला, “मिसरी किती वर्षांपासून?”

तोवर उत्तर द्यायला ती नव्हती.

आज पाहुणे गेल्यावर वहिनी, म्हणजे आत्याची सून, मागच्या दारी बसली होती. म्हटलं, “वहिनी, उद्या शहरात चला. ईसीजी काढू.”

“भाऊजी, उगं कशाला खर्च? मला बी शिबिरात कमीच आलंय.”

हे बोलताना तिचं बोट दातांवर फिरत होतं. मिसरीचं.

मी ओरडलो. आजच्या दिवशी ओरडायला नको होतं. आता तिनं अबोला धरलाय. धरू दे. सकाळच्या एसटीनं तिला नेतोच आहे.

आत्या, जयभीम. तुझ्या सुनेकडं बघतो मी.