गजभिये सरांचे तुर्क

गजभिये सर मध्ययुगाचा इतिहास शिकवायचे ते वर्गातली मुलं हलवून. शेवटच्या बाकाला म्हणायचे, "तुम्ही किपचाक टोळीवाले. रेटा समोरच्याईले." मग पुढचा बाक ओघुझ तुर्क व्हायचा, त्यापुढचा खुरासान, आणि पहिल्या बाकावर बगदादचा खलिफा होऊन बसलेली मी भिंतीला चिकटायची. "पाह्यलं? हौसेनं कोणी गाव नाही सोडत. मागून धक्का येते, मंग माणूस सरकते." गाइडं पाठ करून पास होणाऱ्या आम्हाला बालाघाटच्या त्या कॉलेजात पहिल्यांदाच इतिहास खरा वाटला.

एम.ए. झाल्यावर मी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला लागले. उकव्याहून बसनं यायची, थेट त्यांच्या घरी. काकू आधी जेवायला वाढायच्या. एकदा जेवता जेवता मी म्हटलं, "सर, सेल्जुक तुर्कांच्या सुलतानांना गादी मिळवून दिली ती मेंढरं राखणाऱ्या टोळ्यांनी. गादी मिळाल्यावर त्याच टोळ्या त्यांना नकोशा झाल्या. त्यांना सरहद्दीकडे हुसकलं. मग सुलतानांच्या भाऊबंदांची बंडं खरंच गादीसाठी होती का? मला तर ती कुरणांसाठी वाटतात."

सरांचा घास हातातच राहिला. "पोरी, हे कोठी वाचलं तू?"

"कुठंच नाही. सुचलं."

"मंग कोणाजवळ बोलू नको. लोक उचलतात."

मी बोलले नाही.

त्या हिवाळ्यात कॉलेजात चर्चासत्र झालं. बाहेरगावचे प्राध्यापक आले होते. सर उभे राहिले आणि माझंच म्हणणं, माझ्याच क्रमानं मांडू लागले. शेवटी तरी माझं नाव घेतील म्हणून मी पदर सावरून बसले होते. टाळ्या झाल्या. सर खाली बसले.

सगळे चहाला गेल्यावर मी विचारलं, "सर, असं काहून केलं?"

"तुले आणखी सुचन गं," ते म्हणाले. "मले आता काय सुचते? रिटायर होऊन राह्यलो मी." आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. म्हणून तर भांडताही आलं नाही.

मी मार्गदर्शक बदलला, विषयही बदलला. सेल्जुकांवरचं पुस्तक दिसलं तरी हात लावायची नाही.

परवा स्टेशनावर सर आणि काकू दोघं भेटले. गोंदियावरून नागपूरला, मुलाकडे कायमचे चालले होते. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. सर थोडे मागे उभे होते.

"अजून राग हाय काय?"

"हौ."

गोंदियाची गाडी लागली. त्यांची जड बॅग मी डब्यात चढवून दिली. गाडी हलली, खिडकीतून दोघांनी हात हलवले. मी हात हलवला तो काकूंना.